लडाखचे फोटो घरापर्यंत आणायचे, तर…

लडाखला जायचं ठरलं की घरात आधी थर्मलची चर्चा होते, मग उंचीवर त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीची, मग कॅमेऱ्याची. कोणाचा कॅमेरा न्यायचा, लेन्स कुठली, ट्रायपॉड बॅगेत मावेल का? पोस्टाच्या तिकिटाएवढ्या ज्या तुकड्यावर ही सगळी सहल साठणार असते, त्या मेमरी कार्डाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

एरवी त्याने फारसं बिघडतही नाही. महाबळेश्वरला गेलात, केरळला गेलात, तर संध्याकाळी हॉटेलचं वायफाय मिळतं आणि तुम्ही जेवत असताना फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढतात. लडाखमध्ये हा आधार नाही. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. पोस्टपेड असलं तरी लेह सोडल्यावर नेटवर्कचं काही खरं नसतं. म्हणजे पाच-सहा दिवस तुमच्या फोटोंची एकुलती एक प्रत त्या तुकड्यावर असते आणि तो तुकडा धुळीतून, थंडीतून, खडबडीत घाटरस्त्यांवरून तुमच्यासोबत हिंडत असतो. म्हणून या लेखात लडाख दाखवता दाखवता थोडं कार्डाबद्दल बोलते.

लेहमधले दोन रिकामे दिवस

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही, हे तुम्हाला सगळेच सांगतील आणि ते ऐकायचंच. जिना चढला तरी धाप लागते. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, हे वेगळं सांगायला नको. गेस्ट हाउसच्या गच्चीवर ऊन खात बसायचं, समोर लेहचा जुना राजवाडा आणि मागे बर्फाची रांग बघायची, आलं घातलेला चहा प्यायचा. या रिकाम्या वेळात कार्डांची पिशवी उघडा.

कार्डं घरूनच आणलेली असली तर उत्तम. बाजारात किंवा ऑनलाइन, भलत्याच स्वस्त किमतीला मिळणाऱ्या कार्डांत बनावट माल बराच असतो. वरती १२८ जीबी छापलेलं आणि आत खरी जागा त्याच्या पाव भागाएवढी. गंमत अशी की असं कार्ड लगेच बिघडत नाही. ते फोटो घेत राहतं, कॅमेराही काही बोलत नाही आणि खरी जागा संपल्यावरचे फोटो उघडतच नाहीत. हे कळतं घरी आल्यावर. त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. ती कार्ड पूर्ण भरून, परत वाचून, खरी जागा किती ते सांगतात. कार्ड नवं आणि रिकामं असतानाच, घरी, ही तपासणी करून टाका.

माझं मत विचाराल तर २५६ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ जीबीची तीन-चार कार्डं बरी. एक गेलं तर दोन दिवस जातील, अख्खी सहल जाणार नाही. प्रत्येक कार्डावर मार्करने आकडा घाला. भरलेली कार्डं डबीत उलटी ठेवायची, रिकामी सुलटी, असा काहीतरी घरगुती नियम ठरवा. नाहीतर रात्रीच्या अंधारात भरलेलं कार्ड रिकामं समजून पुसलं जातं. बिघाडापेक्षा या गोंधळानेच फोटो जास्त जात असतील, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. बॅकअपसाठी तुम्ही घरची जुनी पोर्टेबल हार्डडिस्क सोबत घेणार असाल, तर ती घरीच राहू द्या. तिच्या आत एक तबकडी गरागरा फिरत असते आणि वाचणारं टोक त्या तबकडीला न टेकता हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगत असतं. उंचीवर हवा विरळ झाली की हा आधार कमी पडतो. म्हणूनच अशा बहुतेक हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंतच वापरा, असं लिहिलेलं असतं. लेहच त्याच्या वर आहे, पँगाँग तर फारच वर. एसएसडीमध्ये किंवा पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तिथे तेच न्यायचे.

खारदुंगला: दोष थंडीचा की बॅटरीचा?

तिसऱ्या दिवशी गाडी नुब्राच्या दिशेने निघते. खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर. वर पताका फडफडत असतात, पिवळ्या पाटीसमोर फोटोसाठी रांग लागलेली असते आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघून 'पंधरा मिनिटं, जास्त नाही' म्हणत असतो. त्याचं ऐका. तिथे जास्त वेळ रेंगाळलं की डोकं दुखायला लागतं.

याच रांगेत हमखास कोणाचातरी कॅमेरा बंद पडतो आणि कोणीतरी म्हणतं, "थंडीने कार्ड गेलं." बहुतेक वेळा कार्डाचा यात दोष नसतो. चांगल्या कंपनीचं कार्ड उणे २५ अंशांपासून ८५ अंशांपर्यंत चालेल असं बनवलेलं असतं. थंडीत मान टाकते ती बॅटरी. लिथियम बॅटरीची ताकद गारठ्यात झपाट्याने कमी होते. पडद्यावर अर्धी दिसणारी बॅटरी एकदम शून्य होते आणि नेमका त्याच क्षणी कॅमेरा फोटो लिहीत असला तर कार्डावरची यादी अर्धवट राहते.

ही यादी म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कार्डावर दोन गोष्टी असतात: खुद्द फोटो, आणि कोणता फोटो कुठे ठेवलाय याची नोंद. ग्रंथालयात पुस्तकं जागेवर असावीत आणि नोंदवही मात्र पावसात भिजावी, तसं बिघडलेल्या कार्डाचं अनेकदा झालेलं असतं. कॅमेरा नोंदवही उघडतो, त्याला काही वाचता येत नाही, आणि तो सांगतो की कार्डात काहीच नाही. पुस्तकं तिथेच असतात.

म्हणून खिंडीत जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. बॅटरी संपत आली असेल तर पाच-पाच फोटो एका दमात काढू नका. कॅमेऱ्याच्या मागे तो छोटा लाल दिवा लुकलुकत असताना कार्डाचं झाकण उघडू नका. तो दिवा म्हणजे 'लिहितोय, थांबा'.

खाली नुब्रात उतरलं की हवा बदलते. दिस्कित गावावरच्या टेकडीवर ३२ मीटर उंचीची मैत्रेय बुद्धाची मूर्ती श्योक नदीच्या खोऱ्याकडे बघत बसली आहे. हुंडरला वाळूच्या टेकड्या आणि दोन मदारींचे उंट. मुलं तिथून हलायला तयार नसतात. दुपारनंतर वारा सुटतो आणि पिठासारखी बारीक वाळू सगळीकडे शिरते. इथे कार्ड बदलायचं तर गाडीत बसून, काचा वर करून. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर वाळूचा कण अडकला तर कार्ड नीट बसत नाही. जोर लावून दाबलं तर आतल्या पिना वाकतात. तेव्हा बिघाड कार्डात नसतो, कॅमेऱ्यात असतो आणि तो जास्त महाग पडतो.

पँगाँगच्या काठी

आम्ही गेल्या सप्टेंबरमध्ये गेलो तेव्हा स्पांगमिकला ज्या होमस्टेमध्ये राहिलो, तिथे शेजारच्या खोलीत मिरजेचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, तिसरीतली मुलगी आणि आजी. आजींचे यजमान फौजेत होते. लग्नानंतरची काही वर्षं त्यांची नेमणूक लडाखला होती आणि पत्रांवर पत्ता असायचा फक्त '५६ एपीओ'. त्या पत्त्यावरून माणूस नक्की कुठे आहे ते कळत नाही. एका पत्रात मात्र त्यांनी दिवसात चारदा रंग बदलणाऱ्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. ते पाणी बघायचं म्हणून आजी आल्या होत्या. सोबत त्यांचा गणवेशातला फोटो, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

सकाळी तळ्याच्या काठी मुलाने आईचे फोटो काढले. हातात तो गणवेशातला फोटो, मागे पाणी. आजी काहीतरी बोलल्या तेही त्याने व्हिडिओत घेतलं. मग खोलीकडे परत येताना सहज बघायला म्हणून कॅमेरा चालू केला, तर पडद्यावर अक्षरं आली: कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का?

त्याचा अंगठा बटणावर होता. घाबरलेला माणूस जे समोर दिसेल ते दाबतो. त्यांचा ड्रायव्हर, लेहचाच मुलगा, गाडीची काच पुसता पुसता म्हणाला, "भैया, रुको. कार्ड निकाल लो. कुछ मत दबाओ." असं त्याने म्हणे दर हंगामात दोन-तीनदा बघितलेलं असतं.

कार्ड काढलं. डाव्या कडेचं छोटं सरकतं बटण 'लॉक'वर नेलं, म्हणजे त्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. कागदात गुंडाळून आजींच्या पर्समध्ये ठेवलं. पुढचे दोन दिवस त्यांनी फोनवरच फोटो काढले. सूनबाई मला म्हणाल्या, "आईंना सांगितलंच नाही अजून. त्या विचारतायत, माझा फोटो दाखव ना."

या घटनेत त्यांनी जे केलं नाही, तेच महत्त्वाचं होतं. फॉरमॅट केलं असतं तर कदाचित बरेच फोटो तरीही मिळाले असते, कारण साध्या फॉरमॅटमध्ये मुख्यतः नोंदवहीच नवी होते. पण काही कॅमेऱ्यांत पूर्ण पुसणारा फॉरमॅटही असतो आणि समोर आलेला पर्याय कोणता आहे ते घाबरलेल्या अवस्थेत कळत नाही. शिवाय त्यानंतर त्याच कार्डावर नवे फोटो काढले असते, तर प्रत्येक नवा फोटो एखाद्या जुन्या फोटोच्या जागेवर बसला असता. एकदा वरून लिहिलं गेलं की कोणतंही सॉफ्टवेअर, कोणतीही लॅब ते परत आणू शकत नाही. चुकून डिलीट झालेल्या फोटोंनाही हेच लागू. तुम्ही काहीच करत नाही, तोवर ते तिथे असतात.

दुसरं म्हणजे, घाई केली नाही. कार्ड बिघडलं की लोक ते पुन्हा पुन्हा घालून-काढून बघतात. एकदा दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघणं ठीक, कारण कधीकधी दोष रीडरचाच असतो. पण कार्ड गरम होत असेल किंवा सारखं दिसेनासं होत असेल, तर तिथेच थांबायचं. ते काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबचं. तिथे खर्च बराच येऊ शकतो, म्हणून आधी विचारा: तपासणीचे किती, आणि काहीच निघालं नाही तर किती?

या कुटुंबाने लेहला परतल्यावर बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कार्ड नेलं. दुकानदाराने फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलं. हे सॉफ्टवेअर नोंदवहीकडे बघतच नाही. सरळ कार्डाचा कोपरान् कोपरा वाचत जातं आणि फोटोची सुरुवात कशी असते ती खूण ओळखून एकेक फोटो उचलतं. विंडोजसाठी रिकुवा हेही तसं सोपं आणि मोफत मिळतं. दोन्ही वापरताना एक पथ्य: मिळालेले फोटो कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायचे, त्याच कार्डावर कधीच नाही. आणि कॉम्प्युटर 'डिस्क दुरुस्त करू का' असं विचारील तेव्हाही आधी नाही म्हणायचं. त्या दुरुस्तीत तो नोंदवही स्वतःच्या मनाने बदलतो. आधी फोटो काढून घ्यायचे, दुरुस्तीचं नंतर बघू.

दीड-दोन तास लागले. फोटोंची नावं गेली होती, सगळ्यांना एफ आणि पुढे लांबलचक आकडे, क्रम सगळा उलटासुलटा. पण फोटो होते. गणवेशातल्या फोटोसह आजींचे अकरा फोटो निघाले. आजी बोलल्या तो व्हिडिओ निघाला नाही. मोठी फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असू शकते, आणि नोंदवहीशिवाय ते तुकडे जोडणं अवघड असतं. व्हिडिओ वाचण्याची शक्यता फोटोपेक्षा नेहमीच कमी धरायची. काय बोलल्या होत्या ते मी विचारलं नाही.

रात्रीचं काम

पँगाँगहून आम्ही हानलेला गेलो. सुमारे ४,५०० मीटरवर तिथे भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि २०२२ मध्ये हा भाग 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. गावात रात्री दिवे मंद, पडदे ओढलेले. आकाशगंगा अशी दिसते की पहिली पाच मिनिटं कोणी बोलत नाही. मला तिथली एक गोष्ट फार आवडली. वेधशाळेतली हिमालयन चंद्र दुर्बीण चालवली जाते ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या जोडणीने. डोंगरावर डोळा, आणि ते बघणारी माणसं दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर.

आपल्याकडे उपग्रह नाही, पण रात्र असते. जेवण झालं की झोपण्याआधी दिवसभराचे फोटो दुसरीकडे उतरवायचे, एवढंच. लॅपटॉप नसला तरी चालतं. फोनला लागणारा छोटा ओटीजी कार्ड रीडर काही शे रुपयांत मिळतो. तो फोनला लावा, फोटो फोनमध्ये घ्या, किंवा दोन्ही बाजूंना जोडता येणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये टाका. जुन्या पद्धतीच्या यूएसबीवर ३०-३५ जीबी उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात गरम पाण्याची पिशवी भरून होते. होमस्टेमध्ये वीज ठराविक तासच असेल, म्हणून आल्या आल्या विचारून घ्या.

बाहेर उणे तापमानातून थेट उबदार स्वयंपाकघरात कॅमेरा आणू नका. चष्म्यावर वाफ धरते तशी कॅमेऱ्याच्या आतही धरते. बाहेरच झिपच्या पिशवीत घालून घट्ट बंद करा, आत आणा आणि तासाभराने उघडा. कार्डावरचे फोटो लगेच हवे असतील तर कार्ड बाहेरच काढून खिशात ठेवा.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. सहलीत तिसरा भाग जमणार नाही, तो घरी आल्यावर. दोन प्रती मात्र नक्की करा, आणि त्या दोन वेगळ्या माणसांजवळ द्या. कार्डं तुमच्याकडे, पेन ड्राइव्ह बहिणीच्या पर्समध्ये. दोन्ही एकाच सॅकमध्ये ठेवून सॅक ढाब्यावर विसरली, तर दोन प्रती असून काय उपयोग?

फक्त फोनवरच फोटो काढणाऱ्यांनी हुश्श करू नये. अँड्रॉइड फोनमध्ये मायक्रोएसडी कार्ड घालताना 'इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरा' हा पर्याय निवडलात, तर ते कार्ड सांकेतिक भाषेत बांधलं जातं आणि त्या एका फोनशिवाय कुठेच उघडत नाही. फोन पाण्यात पडला की कार्ड ठणठणीत असूनही फोटो गेले. फोटोंसाठी 'पोर्टेबल' हाच पर्याय ठेवा. गुगल फोटोजमध्ये चुकून डिलीट केलेला, बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो, पण बॅकअप न झालेला ३० दिवसच. लडाखमधले तुमचे फोटो बहुधा दुसऱ्या प्रकारातले. मोफत जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट, म्हणून निघण्याआधी थोडी मोकळी करा. आणि 'व्हॉट्सअॅपवर टाकलेत ना, झालं की' असं कोणी म्हणालं तर मान हलवू नका. तिथे फोटो दाबून छोटा होतो. भिंतीवर लावायला तो पुरत नाही. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

परतताना लेह विमानतळावर तपासणी कडक असते. एक्स-रे यंत्रातून गेल्याने मेमरी कार्डाला काही होत नाही. ती भीती जुन्या फिल्म रोलच्या काळातली. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. कार्डांची डबीही त्याच बॅगेत ठेवा.

घरी पोचल्यावर कपडे धुवायला टाकण्याआधी फोटो उतरवा. नुसता आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका, मोठ्या पडद्यावर मधले मधले पाच-दहा फोटो आणि एखादा व्हिडिओ पूर्ण उघडून बघा. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा मामाकडच्या कॉम्प्युटरवर गेली की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॉम्प्युटरमध्ये नाही तर कॅमेऱ्यातच. ज्या कार्डाने एकदा दगा दिला ते दुरुस्त झाल्यासारखं वाटलं तरी पुन्हा वापरू नका. मिरजेच्या त्या कुटुंबाचं कार्ड आता आजोबांच्या पत्रांच्या डब्यात आहे, असं सूनबाईंनी मध्यंतरी फोनवर सांगितलं.